वाढव

शैलजाबाई शेट्यांच्या गुडघेदुखीसाठी नर्स औषधाचा पंप घेऊन आली, तर त्यांनी तो टेबलावरही ठेवू दिला नाही.

"काकू, आता घरोघरी आहे हा. नुसतं बोलायचं, की औषध कमी-जास्त करतो. तुमच्या वयाची माणसं उगाच घाबरतात."

"ह्यांना होता. ह्यांनीच हौसेनं आणवला."

"मग?" नर्सनं नकाराचा फॉर्म काढत विचारलं.

"पस्तीस वर्षं आमचं किराणा दुकान. दुकानदाराच्या घरात 'बंद कर' म्हणत नाहीत, 'वाढव' म्हणतात. त्या दुपारी ह्यांची कळ थांबली, गाढ झोप लागली. मी पंपाला म्हटलं, वाढव आता."

नर्सचा हात फॉर्मवर थबकला.

"तो म्हणाला, 'वाढवलं.' मला वाटलं, आपलं बोलणं कळतं की ह्याला. मी निर्धास्त भांडी घासायला गेले. परत आले तर ह्यांचे हात गार पडले होते."

फॉर्मवर नकाराचं एकच कारण छापलेलं होतं, 'यंत्राची भीती'. नर्सनं त्यावर खूण करायला पेन टेकवलं.

"भीती नको लिहूस," शैलजाबाई म्हणाल्या. "त्यानं माझं ऐकलं, असं लिही."