शब्दन् शब्द माझा

"चोरी! सरळसरळ चोरी!" हातातलं पत्र नाचवतच कमलेश सर जव्हारच्या सायबर कॅफेत शिरले.

काउंटरवरच्या हर्षालीने पत्र घेऊन वाचलं. आदर्श शिक्षक पुरस्काराच्या समितीचं होतं. तुमचा 'नागलीच्या दाण्यांतून गणित' हा एकवीस पानी अहवाल इंटरनेटवर दुसऱ्याच नावाने असल्याचं कुणीतरी निनावी कळवलं आहे, सोमवारी मुलाखतीला येताना खुलासा आणा.

सर पार हवालदिल झाले होते. सतरा वर्षं खोडाळ्याच्या शाळेत काढल्यावर कुठे नाव जिल्ह्यापर्यंत पोचलं होतं. सत्काराला कुठला सदरा घालायचा हेही ठरलं होतं.

"अहवाल तूच टाइप केलास ना गं? कुणाचा आहे ते तुला तर माहीत आहे."

"म्हायती हाय ना सर," हर्षाली म्हणाली.

हर्षाली जवळच्याच वांगणी गावची. आई तिथल्या बालवाडीत शिक्षिका, ही बारावी करून इथे टायपिंगला. तिने कागदपत्रं चढवायची ती परदेशी वेबसाइट उघडली. अहवाल होता खरा, कुणा 'गुरुजी ७६'ने चढवलेला.

"काढून टाक आधी!"

"असा नाय निघत सर. तक्रारीचा फॉर्म भरायला लागतो." फॉर्म इंग्रजीत होता. तिने नियम मराठीत समजावले. लेखकाने स्वतः लिहून द्यायचं की मजकूर माझा आहे, आणि खोटं निघालं तर जबाबदारीही माझीच. मग ते लोक अहवाल उतरवतात.

"मग लिही! पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शब्दन् शब्द माझा."

हर्षालीने तसंच्या तसं लिहिलं. "सर, मूळ वही हाय का? कोणी इचारली तर?"

सरांनी घड्याळात पाहिलं. "आहे की. घरी, कपाटात."

"नीट ठेवा. आन् सगळं येकदा वाचून घेता का? बावीस पानं हायेत."

"स्वतःचं काय वाचायचं? माझी चारची एसटी जाईल. असं कर, तक्रारीची आणि त्या सगळ्या पानांची प्रिंट काढ. समितीपुढे पुरावा नको?"

सरांनी तक्रारीवर झोकदार सही ठोकली. हर्षालीने सगळे कागद पाकिटात घालून पाकीट चिकटवून दिलं.

शनिवारी तिचाच फोन आला. अहवाल वेबसाइटवरून उतरला होता. सरांनी शाळेत पेढे वाटले आणि सदरा इस्त्रीला टाकला.

सोमवारी समितीच्या अध्यक्षबाईंनी पाकीट फोडलं. तक्रार वाचली, पानं उलटली. शेवटचं पान मात्र त्यांनी दोनदा वाचलं.

"शब्दन् शब्द तुमचाच?"

"हो मॅडम. खाली सही आहे माझी."

"मग हे बाविसावं पान तेवढं मोठ्याने वाचा."

एवढं कौतुक होईल असं सरांना वाटलं नव्हतं. त्यांनी चष्मा चढवला, खाकरून घसा साफ केला आणि वर्गात वाचतात तशा खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"'वरील सर्व मजकूर मी वांगणीच्या बालवाडीतल्या पारूबाईंच्या वहीतून उतरवला आहे. दोन दिवसांत देतो म्हणून आणलेली ती वही अजून माझ्याकडेच आहे.'"