पेटकुल्यांचं सदाहरित जंगल

भोजराज पेटकुले ठेकेदार दोन रिकामे ट्रक घेऊन वननाक्यावर अर्धा तास हॉर्न वाजवत होते. फाटक हलत नव्हतं. फाटकं आता उपग्रहाच्या हुकमाने उघडत. तो रोज साडेदहाला माथ्यावरून जाई, झाडं मोजी आणि जंगलाचे निर्णय तिथूनच घेई. अधिकाऱ्यांना हे सोयीचं पडलं होतं.

"फाटक उघडा ना जी, मॅडम."

"वरूनच बंद आहे जी," वनरक्षक शालू मडावी डबा खाता खाता म्हणाली. "पश्चिमेचा उतार कालपासून राखीव झाला."

पेटकुल्यांनी हॉर्न थांबवला. त्या उतारावरचा साग त्यांनी दिवाळीतच तोडला होता आणि उपग्रहाला कळू नये म्हणून वर हिरवी जाळी ताणली होती. लाखमोलाचे ओंडके जाळीखालीच पडून होते.

"चैत्रात सगळा साग उघडाबोडका, अन् तो उतार तेवढा हिरवागार," शालू म्हणाली. "उपग्रहाला वाटलं, दुर्मिळ सदाहरित जंगल सापडलं. शंभर वर्षं कोणी पाऊल ठेवायचं नाही."

"अहो, ती जाळी आहे जी," पेटकुले हळूच म्हणाले.

"तसं लिहून देता?" तिने कोरा कागद पुढे सरकवला.

पेटकुल्यांनी कागदाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि ट्रक मागे घ्यायला सांगितलं.

"काळजी करू नका," शालूने डबा बंद केला. "तुमच्या बुंध्यांना फुटवे आलेत. त्यांनी जाळी वीतभर वर उचलली. उपग्रहाचा शेरा आहे, वाढ समाधानकारक."