फुग्याचं शेपूट

"हा पंखा काढलाय, अब्बा. लावू? की बंद करू?"

तूबाने टॅब अयूबच्या डोळ्यांपुढे धरला. त्याने मान हलवली. नाही.

तिने नवी चौकट आखली, घाईघाईने पेन फिरवलं. खाट, खाटेवर अब्बा, उशाशी पाण्याचा तांब्या. नाही. तांब्या पुसून नमाजाची चटई, जानमाज काढली. नाही. भाट्याचा पूल काढला, आरे-वारेची वाळू काढली, पावस गावच्या मामूची आंब्याची कलमं काढली मोहरासकट. नाही, नाही, नाही. दुखत असेल म्हणून चित्रातल्या अब्बांची पाठ लाल केली, पोट लाल केलं, डोकं लाल केलं. अयूबने डोळे मिटून घेतले.

अर्धांगाच्या झटक्याने त्याचे शब्द गेले होते. समजत होतं सगळं. गिळताही येत होतं. पण तीन दिवस ओठ आवळून होता. चमचा जवळ आला की डाव्या हाताने ढकलायचा आणि घशातून एकच आवाज काढायचा, तोच तोच. संध्याकाळी डॉक्टर नाकातून नळी घालायला येणार होते. "त्यांना काहीतरी हवंय," जाताना ते म्हणाले होते. "घरच्यांनाच ओळखता येईल."

घरच्यांना. बावीस वर्षं मस्कतहून फोनवर त्याचा आवाज घरात यायचा, दर जुम्म्याला. आता माणूस आला होता आणि आवाज गेला होता.

कुलसुम पेजेची वाटी घेऊन टॅबवर वाकली. "नाक बघ काय काढलंयस! ह्ये तर तुझ्या मामूचं नाक. म्हणून रागावले असतील."

"अम्मी, मस्करी नको."

"मग काय करू? रडून झालंय माझं."

तूबाने सगळं पुसलं. इतकी कॉमिक्स काढली तिने. कावळा बोलता केला, होडी बोलती केली. हा एक माणूस बोलता होत नव्हता. तिने एकच चौकट ठेवली. खाटेवर अब्बा. समोर स्टुलावर ती स्वतः. अब्बांच्या तोंडापाशी बोलण्याचा फुगा ठेवला, पांढरा, रिकामा. त्याचं शेपूट नीट त्यांच्या ओठांना टेकवलं.

"ह्यात काय लिहू, अब्बा? तुम्हीच सांगा. मला नाय कळत. मला नाय कळत हो."

अयूबने डोळे उघडले. बराच वेळ चित्र बघितलं. मग डावा हात उचलला. बोट काचेवर टेकलं, घसरलं. फुग्याचं शेपूट ताणलं गेलं आणि भलतीकडेच वळलं.

"असू दे," म्हणत तूबाने चूक मागे घेतली. एक टिचकी. शेपूट पुन्हा अब्बांच्या ओठांवर.

त्याने पुन्हा ओढलं. तिने पुन्हा मागे घेतलं.

"हात नका ना लावू, सगळं हलतंय."

तिसऱ्यांदा बोट काचेवर आलं. तूबाची टिचकी पडणार, तोच कुलसुमने तिचं मनगट धरलं. "थांब गो. बघ तरी."

बोट शेपूट ओढत सावकाश सरकत गेलं. खाटेवरून, उशीवरून, मधल्या मोकळ्या जागेवरून. स्टुलावरच्या मुलीच्या तोंडाशी येऊन थांबलं. मग अयूबने हात छातीवर घेतला. आता तो चित्राकडे बघत नव्हता, तूबाकडे बघत होता.

"ही तर मी," तूबा म्हणाली.

कुलसुम मटकन खाटेच्या कडेला बसली. "तीन दिवस आपण नुसतं इचारतोय त्यांना. दुखतं का, लागलं का, हवं का. एक गोष्ट म्हणून सांगितली नाय कोणी."

तूबाने तोंड उघडलं. काय सांगायचं? फोनवर "बरी हाय" म्हणायची आणि फोन अम्मीच्या हातात द्यायची, एवढंच तिला येत होतं.

"आज... आज बाजारात बांगडा नव्हता, अब्बा."

अयूबचे ओठ सैल झाले. कुलसुमने चमचा आत सारला.

"सगुणामावशीची मांजर व्याली. चार पिल्लं. एक तांबडं हाय."

दुसरा चमचा.

"माझी कॉमिक्स पोरं वाचतात. हसतात."

तिसरा. आणि मग तिच्याजवळचं संपलं. इतक्यातच संपलं. अयूब तोंड उघडं ठेवून वाट बघत राहिला. चमचा वाटीच्या वर तसाच.

"बोल गो," कुलसुम पुटपुटली. "काय पण बोल."

तूबाने टॅब पालथा ठेवला.

"मुंबईला विमानतळावर तुम्हाला चाकाच्या खुर्चीवरून आणलं ना, अब्बा," ती म्हणाली, "तेव्हा मी तुम्हाला ओळखलं नाय. तुमच्यासमोरून पुढं गेले. दुसऱ्याच माणसाला सलाम केला. तुम्ही बघितलंत."

कुलसुमचा हात जागीच राहिला. खिडकीबाहेर कुणीतरी होडीच्या फळीवर खिळा ठोकत होतं.

अयूबने मान पुढे केली. चमच्यापर्यंत स्वतःच तोंड नेलं, घास घेतला, गिळला. आणि पुन्हा तोंड उघडलं.