हातांची खुर्ची

खुर्ची आली तेव्हा गरम होती.

“आत्ताच उठलेत साहेब आमच्याकडून,” पहिल्या मजल्यावरच्या वहिनी धापा टाकत म्हणाल्या. त्यांनी खुर्ची मागच्या जिन्याने वर आणली होती. काखेत भिंतीवरचं घड्याळ होतं. मागून त्यांचे यजमान टेबलफॅन आणि छोटा टीव्ही कवटाळून येत होते. “सावकाश मांडा. साहेब पुढच्या जिन्यात थांबलेत. बुटाची नाडी बांधून येतो म्हणाले.”

त्या इमारतीची ही जुनी रीत. कुणाकडेही पाहुणा आला की सगळ्यांच्या चांगल्या वस्तू त्या घरी जमायच्या. खुर्ची तळमजल्याची, पंखा तिसऱ्याचा, घड्याळ वहिनींचं, आणि सोनेरी काठाचे कप नेमके कुणाचे हे आता कपांनाही आठवत नव्हतं. या खुर्चीत बसून इमारतीतल्या सात मुलींची लग्नं ठरली होती. एकही मोडलं नव्हतं. खुर्चीचा पाय मात्र मोडला होता, दोनदा.

“आई, आजच्या दिवस नको हो,” सून सासूबाईंसमोर काकुळतीला आली. “साहेब गरिबी बघायला येतायत. खुर्ची, पंखा, घड्याळ, टीव्ही, या चारपैकी तीन वस्तू घरात दिसल्या तरी विमा नाकारतात. बाबांचं ऑपरेशन कशातून करायचं मग?”

बाबा, म्हणजे किल्लीवाले, खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची अडकलेली कुलपं उघडली. आता त्यांच्याच हृदयाची झडप नीट उघडत नव्हती. सत्तरी ओलांडलेल्या, बेताच्या मिळकतीच्या माणसाला सरकारी विम्यात ती बदलून मिळणार होती, पण त्यासाठी घराची तपासणी व्हायला हवी होती.

“डॉक्टरांना म्हटलं, दोन थेंब तेल सोडून बघा,” किल्लीवाले म्हणाले. तेवढ्यानेही त्यांना दम लागला.

“तुम्ही गप्प बसा,” सासूबाई म्हणाल्या आणि घड्याळ खिळ्याला लावलं. मग सुनेकडे वळल्या. “आणि तू ऐक. घरी आलेल्या माणसाला मी जमिनीवर बसवायची नाही. आजार आलाय, अक्कल गेलेली नाही.”

साहेब आले. पन्नाशीचा, बारीक, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवणारा माणूस. पादत्राणं दाराबाहेर काढून ते आत आले आणि खुर्चीत बसले. बसताना त्यांनी अंग किंचित डावीकडे झुकवलं. खुर्चीचा लंगडा पाय उजवीकडचा होता.

पंखा फिरेना. कुणी उठायच्या आत साहेबच उठले, पंख्याच्या पाठीत एक गुद्दा घातला, आणि पंखा फिरू लागला. सुनेला वाटलं, सरकारी माणूस आहे, सवय असेल.

“पंखा तुमचा?” साहेबांनी कागद काढला.

“हो,” सासूबाई म्हणाल्या.

“घड्याळ?”

“हो.”

“टीव्ही?”

“हो. चित्र जरा हलतं, पण आमचाच.”

सुनेने डोळे मिटून घेतले. तीन झाल्या होत्या.

“आणि ही खुर्ची?”

“आमच्या लग्नातली,” सासूबाईंनी चौथी वस्तूही ठणकावून सांगितली. खाटेवरून किल्लीवाल्यांना ठसका लागला. तो आजाराचा होता की खुर्चीचा, ते कळलं नाही.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “आजी, एवढं सगळं आहे, तर सरकारची मदत कशाला मागता?”

सासूबाईंनी पदर सारखा केला.

“मदत कोण मागतंय? यांनी चाळीस वर्षं पितळ घेतलं, कानशी घेतल्या, प्रत्येक खरेदीवर कर भरला. एकदाही पावतीशिवाय माल आणला नाही. दुकान म्हणजे फुटपाथवरची एक पेटी, पण पावत्यांची फाइल तिच्याहून मोठी. त्या पैशात कुणाकुणाची ऑपरेशनं झाली असतील. झाली ते चांगलंच झालं. आता यांची पाळी.” मग त्या थांबल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, “भीक मागायची असती साहेब, तर तुम्हाला खुर्ची कशाला मांडली असती?”

साहेबांनी समोर ठेवलेला चहा संपवला. कप बशीत ठेवताना त्याचा टवका उडालेला काठ न बघता भिंतीकडे वळवला. मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि सही करून खालची प्रत फाडून सुनेला दिली.

“कार्ड पंधरा दिवसांत येईल. तोवर ऑपरेशनची तारीख घेऊन ठेवा,” ते म्हणाले. मग खाटेकडे वळले. “आजोबा, बरे होऊन या. आमच्या ऑफिसच्या कपाटाची किल्ली सहा वर्षं सापडत नाहीये.”

“कपाट घेऊन या,” किल्लीवाले म्हणाले. “किल्लीचं मी बघतो.”

सुनेने कागद वाचला. चारही वस्तूंपुढे मालकीच्या रकान्यात एकेक रेघ होती. खाली शेरा होता : ‘वस्तू फिरत्या आहेत. कुटुंब पात्र.’

तिने मान वर केली तोवर साहेब दारापर्यंत गेले होते.

“पुढचं घर तिसऱ्या मजल्यावर ना?” त्यांनी विचारलं. “मला जरा वेळ लागेल. जिन्यात थांबून नाडी बांधायचीय.”

एवढं बोलून त्यांनी पायात चपला सरकवल्या आणि शांतपणे जिन्याकडे निघून गेले.