पाठमोरी

शारजातल्या मेहरी नावाच्या इराणी चित्रकर्तीने आईचं चित्र सात वेळा रंगवलं होतं. निघालेल्या लेकीने परत यावं म्हणून तिच्या पाठीमागे पाणी ओतणारे हात हुबेहूब उतरत. चेहरा मात्र कोराच राही. शिराझ सोडताना आईने बजावलं होतं, “मागे वळू नकोस,” आणि ती वळली नव्हती; त्या क्षणीचा आईचा चेहरा तिने पाहिलाच नव्हता. परवा आई गेल्याचा फोन आला. आज शेजारच्या सुचित्राची मुग्धा पुण्याला शिकायला निघाली, तेव्हा निरोप देणाऱ्या आईचा चेहरा बघायला मेहरी वही घेऊन आली. सुचित्राने लेकीच्या हातावर दही घातलं. “आई, डोन्ट क्राय हं!” “मी कशाला रडू? यल्ला, चल लवकर, टॅक्सी खोळंबलीय.” मुग्धा पाठमोरी झाली, तशी सुचित्राने दह्याचाच हात तोंडावर घट्ट दाबला. मेहरीची पेन्सिल हलेना. वही टाकून ती जिन्याकडे धावली. “मुग्धा, पीछे देखो! एक बार देखो!”