लिहिणाऱ्यांची यादी

“टायपिस्टचं नाव? लिहिणाऱ्यांच्या यादीत?” साहेब इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “उद्या झाडूवालीचंही घालशील!”

इंजिनीयर पोरीने यादी पुन्हा पडद्यावर आणली. लिफ्ट चालवणारे कंपनीचे सगळे जुने प्रोग्रॅम नव्या प्रणालीत हलवायचं काम तिच्याकडे होतं. नुसते प्रोग्रॅम नव्हेत, तर कुठली ओळ कुणी, कधी आणि का घातली याच्या बावीस वर्षांच्या नोंदींसकट. नोंदींतलं एक अक्षर बदलायचं नाही, असं तपासणीवाल्यांनी बजावलं होतं. अडचण एवढीच की जुन्या साठ्यात प्रत्येक ओळीपुढे नुसतं लॉगिन होतं, नव्यात माणसाचं पुरं नाव लागत होतं. म्हणून ही यादी. डावीकडे लॉगिन, उजवीकडे माणूस. उजवीकडे ज्यांची नावं, तेच नव्या विभागात राहणार, बाकीच्यांना नारळ. हा नियम साहेबांनीच काढला होता.

टायपिस्टबाई खिडकीजवळच्या टेबलाशी ताठ बसल्या होत्या. बावीस वर्षं एकच रीत. साहेब कागदावर लिहायचे, कागद त्यांच्यापुढे आपटायचे, आणि बाई ते टाइप करून स्वतःच्या लॉगिनने साठ्यात घालायच्या. की-बोर्डला हात लावणं साहेबांना कमीपणाचं वाटायचं. काय बदललं ते दरवेळी लिहून ठेवायचा नियम होता. बाकीचे ‘बदल केला’ एवढं खरडून मोकळे व्हायचे. बाई नीट लिहायच्या. चार दिरांचा संसार ओढलेली बाई, अर्धवट काम तिला बघवायचंच नाही.

“मावशी, तुम्ही काहीतरी बोला ना,” पोरगी कुजबुजली.

“मला जे बोलायचं होतं ते मी त्या त्या दिवशी लिहिलंय,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं. “बाईंच्या लॉगिनपुढे माझं नाव घाल. डोकं माझं, बोटं तिची. बोटांना कोण नाव देतं?”

“साहेब, त्या नोंदी एकदा वाचून तरी बघा.”

“माझंच काम मी वाचत बसू? घाल म्हणतो ना!”

पोरीने घातलं.

अकरा वाजता नवी प्रणाली बघायला कंपनीच्या मालकीणबाई आल्या आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. मागे सगळा विभाग उभा. साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. “दार उघडं असताना लिफ्ट हलू नये, ती माझी ओळ दाखव.” त्याच ओळीच्या जोरावर ते विभागप्रमुख झाले होते.

ओळ आली. शेजारी साहेबांचं पुरं नाव, चांगलं ठसठशीत. खाली नोंद.

मालकीणबाईंनी ती मोठ्याने वाचली. “‘साहेबांच्या कागदात दाराची अट नव्हती. मी घातली. नाहीतर एखाद्याचा पाय गेला असता.’”

मग त्याखालची. “‘साहेब तळमजला मोजायला विसरले. लिफ्ट छताला धडकली असती. दुरुस्त केलं.’”

मग आणखी खालची. “‘साहेबांना तिसऱ्यांदा सांगितलं. ऐकत नाहीत. दुरुस्त केलं.’”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

मालकीणबाई साहेबांकडे वळल्या. “नाव तुमचं, म्हणजे लिहिलंयही तुम्हीच. स्वतःलाच साहेब म्हणता? आणि स्वतःचंच ऐकत नाही?”

साहेबांनी दोन्ही हात झटकले. “छे, छे! हे मी नाही लिहिलं! हे सगळं बाईंनी घातलंय, पहिल्यापासून!”

“मग नाव बाईंचं लागेल.”

पोरीने यादीत नाव बदललं आणि सगळं पुन्हा चालवलं. पडद्यावर बाईंचं नाव उतरायला लागलं. ओळीमागून ओळ, पानामागून पान, बावीस वर्षं. बाई उठल्या, आपली खुर्ची उचलून पुढे आल्या आणि मालकीणबाईंच्या शेजारी मांडून बसल्या. कुणी बसा म्हटलं नव्हतं.

“आता साहेबांचं तेवढं राहिलं,” पोरगी अदबीने म्हणाली. “साहेब, तुमचं लॉगिन कुठलं?”

साहेब यादीचा डावा रकाना वरपासून शोधू लागले. बावीस वर्षांत त्यांनी ते कधी घेतलंच नव्हतं.