रफूवाल्याची बायको

तीनदा हाक मारली तरी मुलगा आत येईना. तपासणीच्या खोलीच्या दाराशी पाठ करून उभा, जसं काही आत बायको नाही, शेजाऱ्याचं कुत्रं आणलंय. सासूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानात गिऱ्हाइकापुढे जीभ दांडपट्ट्यासारखी चालते, आणि इथे मूग गिळलेले.

सून उभीच होती. खुर्ची दोनदा पुढे केली, तरी बसली नाही.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन नळ्या काढल्या आणि मधल्या भिंतीत एक ठिपका दिला. "बाळंतपणात फाटलं होतं. वरून भरलं, आत हे भोक राहिलं. म्हणून मागचं पुढून येतं. वारा येतो, मळ येतो. यांना तो अडवता येत नाही."

"कधीपासून?" सासूने विचारलं.

"सात महिने झाले." सुनेने जणू जमिनीलाच सांगितलं.

म्हणजे दिवसाला चार-चार आंघोळी त्या म्हणून. पाणी काय तुझ्या बापाने भरून ठेवलंय, असं सासू विचारायची. आणि दुकानातलं चिंध्यांचं पोतं अर्ध्यावर आलं, तेव्हा तर चार माणसांत तिला चोरटी म्हणाली होती. जायचे ते मऊ सुती तुकडेच. रेशमाला हात नाही, लोकरीला हात नाही. जन्म सुईवर काढलेल्या बाईला एवढं कळू नये, की रेशीम ठेवून सूत नेणारा चोर कुठला?

"लेसरने करून बघता येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कापाकापी नाही. बारीक तार भोकात घालायची. तिच्या टोकातून लेसरचा प्रकाश निघतो, त्याने आतून शेकत शेकत तार मागे आणायची. भोक आकसून मिटतं. टाक्यांच्या ऑपरेशनपेक्षा त्रास कमी."

"मिटेलच ना?" आवाज दारातून आला. चिरंजिवांना वाचा फुटली होती.

"खात्री देता येत नाही. या जागेसाठी हा उपाय अजून नवा आहे. काहींचं मिटतं, काहींचं पुन्हा उघडतं. मग टाक्यांचं ऑपरेशन करावं लागतं."

"गॅरंटीच नाही, तर कशाला उगाच?" तो चौकटीकडे बघत म्हणाला. "माहेरी राहू दे तिला. बाळाला काय, आई, तू बघशीलच."

सुनेने हातातली पिशवी पोटाशी घट्ट धरली. पिशवीतून पांढऱ्या सुती तुकड्याची घडी डोकावत होती. धुऊन पुन्हा वापरता यावा म्हणून त्याच्या कडा दुमडून शिवलेल्या. टाका इतका बारीक, की सासूलाही हल्ली जमला नसता. सुनेने घाईने ती घडी आत ढकलली.

सासू उठली. अंगावरची शाल काढली, चौघडी करून खुर्चीवर टाकली आणि सुनेला खांद्याला धरून बसवलं. सून अवघडली, मग बसली. सासूकडे मात्र तिने पाहिलं नाही.

"तुमचं काय म्हणणं?" डॉक्टरीणबाईंनी सुनेलाच विचारलं.

"करायचं," ती म्हणाली. "पुन्हा उघडलं, तरी करायचं."

सासू दाराशी गेली. मुलगा दुकानातून तसाच आला होता, कॉलरला दोरा ओवलेली सुई टोचलेली. तिने ती उपसून घेतली.

"कसरीने खाल्लेला कोट घेऊन गिऱ्हाईक येतं, तेव्हा काय सांगतोस रे त्याला?"

तो रिकामी कॉलर चाचपू लागला.

"गॅरंटी नाही साहेब, पण टाकू नका, असंच ना? लोकांच्या घामाचा वास मारत असतो त्या कोटाला. तो मांडीवर घेऊन दिवस-दिवस बसतोस."

"आई, हळू. लोक ऐकतायत."

"ऐकू देत. दुकानात सुई आणि घरात कात्री आहेस तू. तुझ्या हातात मी दोरा द्यायलाच नको होता."